उंच ग्लासातलं जास्त दूध

मी धार काढायची एक जुनी पितळी चरवी आहे, मित्रांनो, आणि मला पोचे पडलेत म्हणून कुणी माझी कीव करू नये. एकेक पोचा मी म्हशीची लाथ खाऊन कमावला आहे.

एका तांबटानं मला ठोकून ठोकून घडवलं. शिवाजी पेठेतल्या आक्कांनी मला घरी आणलं, आणि पुढं तीस वर्षं दूध कट्ट्यावर मी त्यांच्या गुडघ्यांत बसले. कोल्हापुरात म्हैस गिऱ्हाइकासमोर उभी करतात, धार काढतात आणि दूध तिथल्या तिथं प्यायला देतात. तालमीतले पैलवान माझ्यातलं फेसाळ दूध पिऊन म्हणायचे, "आक्का, चरवी लई गुणाची हाय की." मग स्टीलची भांडी आली आणि मला पेंडीच्या पोत्यामागं टाकलं. मला राग आला. अजून आहे.

तिथून मला बाहेर काढलं ते क्रांतीनं, आक्कांच्या सहा वर्षांच्या नातीनं. ती माझ्यात पाणी भरायची, वाटीत ओतायची, तांब्यात ओतायची, पुन्हा भरायची. तिचा बाप भाऊसो ओरडायचा, "काय पाण्याचा खेळ लावलाय!" खेळ कसला डोंबलाचा? पोरगी शिकत होती. पण घोकलं तरच शिकलं, असं मोठ्यांना वाटतं.

यंदा पहिलीच्या प्रवेशासाठी तिला एका शाळेत नेलं. बाईंनी दोन सारख्या ग्लासांत सारखंच दूध दाखवलं. मग तिच्या देखत एका ग्लासातलं दूध उंच, बारक्या ग्लासात ओतलं आणि विचारलं, "आता जास्त कशात?" क्रांतीनं उंच ग्लास दाखवला. बाईंनी कागदावर लिहिलं, "आकलन कमी." पंधरा दिवसांनी पुन्हा आणा म्हणाल्या, तेव्हाही जमलं नाही तर प्रवेश पुढच्या वर्षी.

भाऊसो तणतणतच घरी आला. "दूधवाल्याची पोर आन् दूध कळंना! ढ निघाली."

क्रांतीनं ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी तिनं मला हात लावला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. ढ म्हटलेलं पोर करून बघायचंच सोडून देतं, मित्रांनो. त्या एका अक्षराची मला भयंकर चीड आहे.

मग घोकंपट्टी सुरू झाली. भाऊसो विचारायचा, "जास्त कशात?" ती म्हणायची, "दोन्हींत सारखंच." तोंडानं म्हणायची, आणि डोळे मात्र उंच ग्लासावर.

आक्कांनी चार दिवस हे बघितलं. पाचव्या दिवशी मला चिंचेनं घासलं आणि भाऊसोला घेऊन कट्टा गाठला. माझ्यातलं दूध त्यांनी सारखंच मोजून दोन ग्लासांत ओतलं, एक बसका, एक उंच. येईल त्या गिऱ्हाइकाला म्हणाल्या, "घ्या, कुठला पायजे त्यो." यशराज पैलवानानं उंच उचलला. चष्मेवाल्या वकिलांनी उंच उचलला. सकाळभर बसक्याला कुणी विचारलं नाही.

"आता ह्यास्नी बी ढ म्हण की," आक्का भाऊसोला म्हणाल्या. "पोर सहा वर्साची हाय. डोळ्याला दिसतंय ते खरं, असंच ते वय असतंय. वरीसभर तिला ओतू दे, भरू दे. आपसूक कळंल."

"आन् शाळा?"

"शाळंत मी येते."

शाळेत आक्कांनी मला टेबलावर ठेवलं. भाऊसो लेकीच्या कानात पुटपुटला, "सारखंच म्हण." बाईंनी दूध ओतलं, प्रश्न विचारला.

क्रांती बापाकडं बघून घेत म्हणाली, "पप्पा म्हणत्यात सारखंच. पर मला उंचातलं जास्त दिसतंय."

भाऊसोनं मान खाली घातली. बाईंनी पेन उचललं. तेवढ्यात क्रांतीनं उंच ग्लास उचलला आणि दूध पहिल्या ग्लासात परत ओतलं. पाहिलं. पुन्हा उंच ग्लासात ओतलं.

"बाई, हिकडं ओतलं की जास्त हुतंय, परत ओतलं की सारखं. असं का हुतंय?"

बाईंनी उचललेलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "इतक्या मुलांना मी हे विचारलं, पण का म्हणून मला कुणी विचारलं नव्हतं." त्यांनी कागदावरची ओळ खोडली आणि क्रांतीचं नाव पहिलीच्या यादीत घातलं.

मला घासा, नाहीतर पोत्यामागं फेकून द्या, मी सोसेन. पण पोरांच्या हातातलं भांडं काढून घेऊन त्यांच्या तोंडात आयतं उत्तर कोंबाल, तर मित्रांनो, गाठ माझ्याशी आहे.