तोडलेली पिन

"काम नको म्हणून सोंगं करते ही!" शेजारची म्हातारी गोठ्यातून किंचाळली, तसे आम्ही कुंपणापाशी गोळा झालो.

धाकटी सून हात झटकत उभी होती. "आत्याबाई, सोंग नाही. मशीन चावतंय. कोपरापर्यंत झिणझिण्या येतात."

"मला कसं चावत नाही?"

"तुम्ही हात लावता कधी?"

झालं! म्हातारीच्या तोंडाचा पट्टा सुटला. सुनेचा नवरा ट्रकवर, तिची बाजू घेणार कोण? थोरला दीर दात कोरत म्हणाला, "नाचता येईना, अंगण वाकडं."

चारा कापायचं मशीन त्यानंच आणलेलं. प्लगला पिना तीन, गोठ्यातल्या सॉकेटला भोकं दोन. जाड पिन आडवी येते म्हणून त्यानं पक्कडीनं तोडून टाकली होती. वर फुशारकी, "दोघींत भागतंय, तर तिसरीला कशाला पोसायची?"

दुसऱ्या सकाळी गोठा धुऊन जमीन ओलीगच्च होती. थोरल्यानं मशीन चालू केलं आणि चारा आणायला गेला. सांडलेली कुट्टी खायला म्हैस वाकली. नाक मशीनच्या लोखंडी पायाला लागलं, तशी धाडकन कोसळली.

म्हातारी ऊर बडवत तिच्याकडे धावली. सुनेनं दंड धरून तिला मागं खेचलं, भिंतीवरचा खटका पाडला. तोवर म्हैस थंड झाली होती.

"पांढऱ्या पायाची! म्हैस खाल्लीस, आता मला ढकलतेस?"

सून सरळ जाऊन वायरमनला घेऊन आली. त्यानं मशीन खोललं. आतली वायर घासून उघडी पडलेली, लोखंडाला टेकलेली.

"अर्थिंग असतं तर करंट जमिनीत गेला असता, फ्यूज उडाला असता. म्हैस वाचली असती," तो म्हणाला. "ही पिन कुणी तोडली?"

थोरला आभाळाकडे बघायला लागला.

"गोठ्याला अर्थिंगच नाही. त्यासाठी भिंतीलगत खड्डा घ्यावा लागेल," वायरमन म्हणाला.

"माझ्या भिंतीलगत खड्डा नको!" थोरला खेकसला.

सुनेनं पदर खोचला, कुदळ उचलली. "भाऊजी, म्हैस पुरायला खड्डा लागतोच. तो तुम्ही खणा. हा मी खणते."

तिच्या खड्ड्यात पाइप, मीठ, कोळसा पडला. नवी वायर, तीन भोकांचं सॉकेट आणि धक्का बसण्याआधी वीज तोडणारा स्विच लागला. वायरमननं सगळं तपासून मशीन चालू केलं.

"झाली ना हौस?" म्हातारी फणकारली. "आता तरी काम करशील का?"

"करते की. पण आधी भाऊजींना हात लावू द्या. मशीन त्यांचं."

आम्ही सगळे बघत होतो. थोरला पुढं झाला. हात लांब केला, मागं घेतला. पुन्हा लांब केला. कपाळावर घाम डवरला.

"मला शेतावर जायचंय," असं पुटपुटत तो निघून गेला.

सुनेनं चाऱ्याची पेंढी उचलली आणि मशीनला लावली.