रमोनाच्या हाती लागलेली कादंबरी

मी एका कादंबरीची जुनी प्रत आहे. न्यू मेक्सिकोच्या डोंगरातल्या एका छोट्या वाचनालयात माझं सगळं आयुष्य गेलं. मला लिहिणाऱ्या इसाउरा लुसेरो याच डोंगरातल्या.

मला सगळ्यांत जास्त वेळा घरी नेलं ते रमोना मायेस्तासनं. ती शाळेची बस चालवायची. सकाळी मुलं सोडली की दुपारपर्यंत बस मैदानाच्या कडेला उभी. मग रमोना मला स्टिअरिंगवर टेकवून बटाटा-मिरचीचा बरिटो खात खात वाचायची. माझ्या त्रेचाळिसाव्या पानावर तिच्या तेलकट बोटाचा ठसा अजून आहे.

पहिल्याच दिवशी ती एकटीच मोठ्यानं हसली. "अगं बाई, ही तर आमची मावशीच!" पुस्तकातली माणसं कुठंतरी लांबच्या शहरात राहतात, अशी तिची समजूत. माझ्यात मात्र पाटाच्या पाण्यावरून भांडणाऱ्या बायका होत्या.

तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर तिनं बसच्या तपासणीच्या कागदांच्या मागच्या बाजूला स्वतःच काहीतरी लिहायला घेतलं. ती तिच्या आईची गोष्ट होती. आईला अक्षरओळख नव्हती. पत्र आलं की "चष्मा सापडत नाही गं" म्हणायची आणि मुलांकडून वाचून घ्यायची. चष्मा तिच्याकडे कधी नव्हताच.

ते कागद रमोना माझ्यातच ठेवायची. एकदा तशीच मला परत देऊन आली. ग्रंथपाल सेलेस्टिनानं ते सगळे वाचले.

"चोरून वाचलंस?" रमोना तापली.

"चोरून कसलं? वाचनालयाच्या पुस्तकात होतं. इथं सगळ्यांना वाचून दाखव. आणि शनिवारी ये, इसाउराबाई येणार आहेत."

शनिवारी रमोना मला घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिली. सही हवी होती. बाई थकल्या होत्या, पण माझ्यावरचा वाचनालयाचा शिक्का बघून हसल्या. "यावर सही केली तर सेलेस्टिना मला दंड लावेल! तुम्हीही लिहिता, असं ती म्हणाली. काय लिहिता?"

"मी बस चालवते हो."

"ते नाही विचारलं."

रमोनाची मान खाली गेली. "आईबद्दल लिहिलंय. पण भाऊ म्हणतो, घरातलं चव्हाट्यावर मांडू नकोस."

बाईंनी मला मिटून टेबलावर ठेवलं. "माझा भाऊ चार वर्षं माझ्याशी बोलत नव्हता. लिहिल्याचा पस्तावा नाही मला. पण छापण्याआधी त्याला वाचून दाखवायला हवं होतं."

त्याच दुपारी रमोना भावाकडे, एलॉयकडे गेली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी तिच्या पिशवीत होते. एलॉय धुसफुसतच बसला. "वाच, पण मला पटणार नाही." रमोना वाचत गेली. संपल्यावर एलॉय उठला, पाठमोरा उभा राहून किती तरी वेळ कॉफीची किटली विसळत राहिला.

"चष्मा सापडत नाही म्हणायची ना," तो म्हणाला, "तेव्हा आधी एप्रनचे दोन्ही खिसे चाचपायची. मग टेबलाखाली बघायची. आपल्याला खरं वाटावं म्हणून. ते राहिलंय. लिही."

रमोनानं ते तिथंच लिहून घेतलं. वसंतात तिनं वाचनालयात सगळी गोष्ट वाचली. एलॉय पहिल्या रांगेत होता.

हे इसाउराबाईंना पत्रानं कळवायचं, असं ती रोज म्हणायची. नीट शब्द जुळत नव्हते. उन्हाळ्यात बाई वारल्या. पत्र लिहायचं राहूनच गेलं.

आता माझी शिवण उसवली आहे. 'हवं त्यानं न्यावं' अशी पाटी लावून मला दाराजवळच्या टेबलावर ठेवलंय. कुणी नेलं तर आनंद आहे. पण जाण्याआधी एक मागणं आहे. तुमचाही कुणी आवडता लेखक असेल. त्याच्या लिहिण्यानं तुमच्या घरात काय घडलं, ते त्याला दोन ओळींत कळवा. शब्द जुळायची वाट बघू नका. एलॉयच्या स्वयंपाकघरात मी होते, इसाउराबाई नव्हत्या.