टावेल-टोपीचा मान

“आज्जी, खरं सांगायचं हां. मला बघायला कुणी येणार नाहीये ना?”

पुण्याहून आरोहीचा फोन आला तेव्हा प्रयागबाई ओट्यावर लसूण निवडत बसल्या होत्या. नात बावीस वर्षांची. पुण्यात बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागून तिला वर्षही झालं नव्हतं. गेल्या दिवाळीत घरच्यांनी तिला न विचारता दोनदा पाहुणे बोलावले. दुसऱ्या वेळी तर पोरगी ओले केस वाळवत अंगणात उभी, आणि गाडीतून पाच माणसं उतरून थेट तिच्याकडं बघायला लागली. त्या दिवसापासून ती खोडदला फिरकली नव्हती. दोन वर्षं लग्नाचं नाव काढू नका, मग माझं मीच सांगते, एवढंच तिचं मागणं होतं.

प्रयागबाईंनी फोन हातात धरूनच मुलाला हाक मारली. अमृत दारात मोटारसायकल धूत होता.

“अमृत, पोरगी इचारती. सोपानची माणसं येणार म्हनतोस, त्यात काय बघायबिघायचं न्हाई ना?”

“काय आई तू पण! सोपान माझा कॉलेजातला दोस्त. दोन दिवस फिरायचं, खायचं, हसायचं. तुझ्या गळ्याशपथ, दुसरं काय नाय.”

आईच्या गळ्याची शपथ म्हटल्यावर पुढं काय विचारायचं? प्रयागबाईंनी फोन कानाला लावला. “ये गं बाय. तुझ्या बापानं माझ्या गळ्याची आन घेतलीय. आन कुनी काय काढलंच तर मी बसलेय ना हितं.”

“तू म्हणतेस म्हणून येते,” आरोही म्हणाली.

प्रयागबाईंना त्या दोन दिवसांची ओढ निराळ्याच कारणासाठी होती. अमृतनं त्यांना रविवारी डिंभ्याच्या धरणावर न्यायचं कबूल केलं होतं. त्यांचं माहेर जुन्या आंबेगावचं. ते गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं त्याला आता कैक वर्षं झाली. पण मे महिन्यात पाणी खाली गेलं की जुन्या देवळांचे दगड वर येतात असं माणसं सांगत, आणि दर उन्हाळ्यात प्रयागबाई म्हणत, एकदा मला लांबनं तरी दाखवा. दर उन्हाळ्यात काहीतरी निघे. कधी टोमॅटोची तोडणी, कधी कुणाचं लग्न. यंदा अमृत आपण होऊन म्हणाला, “आई, या खेपेला तुला नक्की नेतो.” त्यांना भरून आलं होतं.

शनिवारी सकाळी सोपान, त्याची बायको मंगल आणि मुलगा आदेश शिनोलीहून आले. सोपानचं मंचरला ठिबकच्या नळ्यांचं दुकान होतं आणि तोंड अखंड चालू. गाडीतून उतरता उतरताच त्यानं प्रयागबाईंचे पाय धरले. “मावशी, तुमच्या हातच्या मासवड्या खाऊन तेवीस वर्षं झाली. आजून ढेकर येतो.”

“मग आज कशाला करू? त्याच ढेकरावर भागव की,” प्रयागबाई म्हणाल्या, आणि सगळे हसले. आदेशही हसला. उंच, सावळा, चाकणला कंपनीत कामाला. पोरगा बोलायला कमी पण आपली ताटली आपण उचलून ठेवणारा. प्रयागबाईंना तो आवडला. पाहुण्याचा पोरगा आवडावा तसा.

मग काय, दोन गाड्या भरून सगळे निघाले. लेण्याद्रीच्या पायऱ्या चढताना सोपानला धाप लागली आणि प्रयागबाई मात्र दर वळणावर थांबून त्याची वाट बघत उभ्या. “ए दुकानदार, डोली मागवू का?” त्यांनी वरून विचारलं. आरोही पोट धरधरून हसली. किती दिवसांनी पोरगी अशी हसत होती! उतरल्यावर उसाचा रस झाला, ओझरला दर्शन झालं, नदीच्या घाटावर पाय सोडून बसणं झालं. मंगलनं आरोहीला शेजारी बसवून घेतलं आणि तिची वेणी घालून दिली. “मला पोरगी न्हाई ना, म्हणून हौस,” ती म्हणाली. नूतनला, म्हणजे प्रयागबाईंच्या सुनेला, काय वाटलं कोण जाणे, तिनं पटकन तोंड वळवलं.

संध्याकाळी घरी येता येता खोडदच्या त्या मोठ्या दुर्बिणींच्या तबकड्या दिसल्या. उन्हं कलली होती. सोपान म्हणाला, “ह्या आकाशातलं ऐकत्यात म्हनं. आपल्या मंगलचं बोलनं बी ऐकू जात आसंल.” मंगलनं त्याच्या पाठीत धपाटा घातला.

प्रयागबाई खिडकीशी बसून सगळं बघत होत्या. त्यांच्या काळात फिरायला जायचं म्हणजे जत्रा. बैलगाडीत खाली कडब्याच्या पेंढ्या, त्यावर घोंगडी, फडक्यात बांधलेल्या भाकरी आणि रस्ताभर बायकांची गाणी. आंबेगावहून निघालं की घोडनदीच्या काठानं काठानं गाडी चाले आणि त्यांचे वडील प्रत्येक वाडीचं नाव सांगत. त्या वाड्याही आता नाहीत. पण माणसं अशी एकत्र हसत निघाली की तसंच वाटतं, त्यांच्या मनात आलं. रात्री मासवड्यांचा रस्सा सोपाननं तीनदा मागून घेतला.

रविवारी सकाळी निघायच्या आधी अमृतनं पाट मांडला. “आई, पाव्हणे पहिल्यांदाच बायका-पोरांसकट घरी आले. टावेल-टोपी तुझ्या हातानं होऊ दे.”

आलेल्या पाहुण्याला रिकाम्या डोक्यानं लावून द्यायचं नाही, ही त्या घरची रीतच होती. बायकांची ओटी, पुरुषांना टावेल, टोपी, नारळ. प्रयागबाईंनी सोपानला कुंकू लावलं, टोपी घातली. मंगलची ओटी भरली. त्या उठणार तोच अमृतनं आदेशला पाटावर बसवलं.

प्रयागबाई थबकल्या. बिनलग्नाच्या पोराला कुणी टावेल-टोपी करत नाही. करतात ती एकाच वेळी, सोयरीक जुळली की. आणि घरातल्या थोरल्या माणसाच्या हातची टोपी डोक्यावर चढली की संबंध पक्का. मग सुपारीही फोडायला लागत नाही.

“आरं, पोराला कशाला? त्याला पेढं दे की,” त्या म्हणाल्या.

“आई, आता कोण मानतंय ते! बापाला दिलं अन् पोराला हात हालवत लावलं, बरं दिसतं का? तेवढंच त्याला बी बरं वाटंल.”

नूतननं कुंकवाचं ताट आरोहीच्या हातात दिलं. “धर गं, आजीला वाकायला त्रास होतो.” आरोहीनं धरलं. तिला पुण्यात राहून या रिती कुठून ठाऊक? ती सोपानच्या डोक्यावरची वाकडी टोपी बघून हसत होती. प्रयागबाईंनी एक क्षण सगळ्यांच्या तोंडाकडं पाहिलं. सगळी हसरी तोंडं. दोन दिवसांचा आनंद आपल्या शंकेनं कशाला नासवायचा, असं म्हणून त्यांनी बोट कुंकवात बुडवलं, आदेशला टिळा लावला आणि त्याच्या डोक्यावर टोपी ठेवली. नूतनच्या फोनमधून फोटो निघाला.

घोडेगाव मागं टाकून शिनोलीला पोहोचले तेव्हा अकरा वाजून गेले होते. आधी सोपानच्या घरी चहा, मग डिंभं, आणि जमलं तर पुढं भीमाशंकर, असं ठरलेलं. पण सोपानच्या अंगणात चपलांचा ढीग पडला होता. ओसरीवर सतरंजी, भिंतीला टेकून भावकीतली माणसं, आत नव्या साड्यांतल्या बायका. चहापुरता एवढा गोतावळा? आरोही मागच्या दारी पाय धुवायला गेली होती.

सोपानची आई, अंबाबाई, काठी टेकत पुढं आल्या आणि त्यांनी प्रयागबाईंना मिठीच मारली.

“या, या इहीणबाई!”

प्रयागबाई मागं सरल्या. “कोन इहीन?”

“आता गं बया! सकाळी आमच्या नातवाच्या डोईवर टोपी ठिवली, तवाच न्हाई का झालो आपुन इहिनी? फोटू बघितला आमी समद्यांनी. आन पोरगी ताट धरून उभी, लई ग्वाड दिसती. चला, आता ओटी भरून घेऊ. बाया खोळंबल्यात.”

आतल्या पाटाशेजारी हिरवी साडी, नारळ, खण, सगळं मांडून ठेवलेलं प्रयागबाईंना तिथूनच दिसलं. त्यांनी वळून मुलाकडं पाहिलं. अमृत चपलेचा पट्टा नीट करत होता. नीटच होता तो पट्टा.

“अमृत. माझ्या गळ्याची शपथ घेतली व्हतीस.”

“आई, हळू बोल. माणसं हायेत.” तो जवळ आला. “बघायचा कार्यक्रम नव्हताच ना. त्यांनी लग्नात कुठंतरी बघून आधीच पसंत केली व्हती. मग मी खोटं काय बोललो? पोरगा चांगला, घर चांगलं. तुलाच तर आवडला. सोपानला मी चैत्रातच शब्द दिला.”

“मला का न्हाई सांगितलं?”

“तुला सांगितलं असतं तर तू तिला सांगितलं असतं. आन तुझ्या शब्दाबिगर ती आली असती का?”

हे तो इतक्या सहज बोलला की प्रयागबाईंना पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं. पोरगी कुणाच्या शब्दावर येते हे त्याला नेमकं ठाऊक होतं. कुणाच्या हातची टोपी कुणी नाकारणार नाही, हेही ठाऊक होतं. त्यानं आईला फिरायला आणलंच नव्हतं. वापरायला आणलं होतं. त्यांनी सुनेकडं पाहिलं, तर ती जमिनीकडं बघत उभी. मंगल, जी काल घाटावर शेजारी बसून हसत होती, ती आत निघून गेली. लेण्याद्री, उसाचा रस, ते धपाटे, ते ढेकर, सगळ्यांना सगळं माहीत होतं. नव्हतं ते फक्त दोघींना.

आरोही ओल्या पायांनी मागच्या दारातून आत आली. पाट पाहिला. साडी पाहिली. दोन बायका तिचे खांदे धरून तिला बसवायला पुढं झाल्या. तिनं अंग चोरलं आणि सरळ आजीकडं पाहिलं.

“आज्जी, तुला माहीत होतं?”

“न्हाई गं बाय.”

“मग सकाळी ते...” तिचं तिलाच उमगलं. ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

प्रयागबाई ओसरीवर मधोमध आल्या. आयुष्यात कधी चार पुरुषांत आवाज चढवला नव्हता. आताही चढला नाही.

“अंबाबाई, तुमच्या घराला मी नावं ठेवत न्हाई. पण ह्यो संबंध मी केलेला न्हाई. माझी नात हो म्हनलेली न्हाई. टावेल-टोपी मी पाव्हन्याच्या पोराला केली, जावयाला न्हाई. ती मला माघारी द्या.”

कुणीतरी ‘अरारा’ म्हणालं. केलेला मान परत मागायचा, असं त्या पंचक्रोशीत कुणी ऐकलं नव्हतं. अमृतनं आईचा दंड धरला. “आई, डोकं फिरलं का तुझं? माझं नाक कापायला निघालीस?”

“सोड,” त्या म्हणाल्या.

आदेश कोपऱ्यात उभा होता. तो पुढं झाला. “आजी,” तो म्हणाला, “मला सांगितलं होतं की आरोहीनं होकार दिलाय. लाजते म्हणून बोलत नाही, असं.” मग तो आरोहीकडं न बघता गाडीकडं गेला, टावेल आणि टोपी घेऊन आला आणि प्रयागबाईंच्या हातात ठेवली. नारळ वाटेतल्या देवळात फोडून झाला होता. त्याचं तो काय करणार?

अंबाबाईंनी काठी जमिनीवर टेकवली. “नेताय तर न्या,” त्या म्हणाल्या. “माझ्या पोरानं बी पाप केलंय, ते मी त्याच्याशी बघीन. पन बाई, दिलेलं माघारी मागनारं घर म्हनून आमी तुमाला ध्यानात ठेवू.”

“ठेवा,” प्रयागबाई म्हणाल्या.

आरोही तोवर रस्त्याला लागली होती. प्रयागबाई तिच्या मागं निघाल्या. मागून अमृतनं दोनदा हाक मारली, पण त्या वळल्या नाहीत. घोडेगावकडं माणसं भरून नेणारी एक वडापची जीप थांबली. आरोही मागं चढली, प्रयागबाईही चढल्या. जीपमध्ये एक म्हातारा करवंदांची पाटी मांडीवर घेऊन बसला होता. तो आपला, पाव्हणं कुठलं, काय, विचारत राहिला.

घोडेगावच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागायला वेळ होता. दोघी बाकावर बसल्या. मध्ये एका माणसाची जागा सोडून.

“माझ्या हातात ताट होतं,” आरोही म्हणाली. “मी हसत होते, आज्जी. त्या फोटोत मी हसतेय. आता तो सगळ्या गावाकडं असणार.”

“व्हय.”

“तुला तेव्हा काहीच वाटलं नाही?”

खोटं बोलता आलं असतं. दोन दिवसांत सगळेच बोलले होते. प्रयागबाईंनी पदरानं तोंड पुसलं. “वाटलं व्हतं. बिनलग्नाच्या पोराला टोपी करत न्हाईत, हे मला म्हाईत व्हतं. मी इचारलं बी. पन ते हसले आन मी गप बसले. लई दिसांनी समदी अशी एकत्र व्हती. मला ते मोडायचं नव्हतं.”

आरोहीनं मान डोलावली. रागावून नाही, नुसती. गाडी लागली तशी ती उठली, पिशवी खांद्याला अडकवली आणि प्रयागबाईंच्या पाया पडली. लहानपणापासून पडायची तशीच.

“तू परत मागितलंस ते मी विसरणार नाही,” ती म्हणाली. “पण आता तू बोलावलंस तरी मी लगेच येणार नाही, आज्जी. आधी दुसऱ्या कुणाला तरी विचारीन.”

“इचार,” प्रयागबाई म्हणाल्या.

गाडी स्टँडाबाहेर वळली. आरोही खिडकीशी बसली होती, पण अलीकडच्या नाही, पलीकडच्या. प्रयागबाई बाकावरच बसून राहिल्या. खोडदला परत न्यायला कुणीतरी येणारच होतं, आणि ते कोण असेल हे त्यांना ठाऊक होतं. त्याच्या गाडीत कसं बसायचं, एवढंच त्यांना अजून कळत नव्हतं.