झऱ्याभोवतीची तीस पावलं

अग्रिपिनाने सही केली तेव्हा तिला वाटलं होतं, मनोंग लगासेन फार तर आठवडाभर रुसेल. मनोंग म्हणजे थोरला भाऊच तो. त्याचा राग लहानपणापासून तसाच, चढायचा आणि उतरायचा. पण सहीला तीन पावसाळे उलटले तरी लगासेन तिच्याशी अवाक्षर बोलला नव्हता.

सही झऱ्यासाठी होती. गावाच्या वर पाइनच्या उतरणीला गावाचा एकच झरा. वरचं रान तोडून लोकांनी कोबी-बटाटे लावले, तसा तो मार्चातच आटू लागला. बाया डबे घेऊन पार खालच्या नदीपर्यंत जायच्या. मग बागियो शहरातल्या एका संस्थेने छोटंसं अनुदान देऊ केलं. रोपं, कुंपणाची तार, एक टाकी. अट एवढीच, की झऱ्याभोवतीची तीस पावलं जमीन सोडायची आणि तिथे झाडं लावायची. त्या तीस पावलांत एकट्या लगासेनचा कोबी होता. गावच्या म्हाताऱ्यांनी दगडी बैठकीवर बसून जमीन सोडायचा निवाडा दिला. झरा राखायला जमलेल्या गटाची अध्यक्ष अग्रिपिना, म्हणून कागदावर नाव तिचं.

"दुसऱ्या कुणाची सही मिळाली नाही होय?" लगासेनने विचारलं होतं. तेच त्याचं शेवटचं बोलणं.

पहिल्या वर्षी अकरा जणं यायची. खड्डे खणताना थट्टामस्करी चालायची, रताळी वाटून खायची. टाकी बांधून झाली, नळ आला, आणि एकेक जण कमी होत गेला. कुणाचा बटाटा काढायला आलेला, कुणाची सून बाळंत. दुसऱ्या वर्षाअखेर उतारावर अग्रिपिना एकटीच. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, मुलगी परदेशात म्हाताऱ्यांची सेवा करणारी. सकाळी भात बांधून घ्यायचा, वर जायचं, रोपांभोवतीचं गवत उपटायचं, संध्याकाळी उतरायचं. आठवड्याचे पाच दिवस तिचा आवाज तिच्याच कानावर पडत नसे.

संस्थेची मुलगी शेवटच्या पाहणीला आली. झाडं बघून खूश झाली. तिथल्या रीतीने तीही अग्रिपिनाला मनांग, म्हणजे ताई, म्हणायची.

"मनांग, गटातले बाकीचे कुठायत? सगळ्यांचा एकत्र फोटो हवा."

"शेतावर असतील."

"मग कामाला किती जण येतात म्हणून लिहू?"

अग्रिपिनाने हातातला कोयता गवतावर पुसला. "अकरा लिही. नावं अकराच आहेत."

मुलीने तिच्याकडे पाहिलं, पण लिहिलं. अनुदान तिथे संपलं.

त्यानंतरच्या मार्चात, भर दुपारी, शेजारच्या डोंगरावर कुणी तरी शेताचा पाचोळा पेटवला आणि वाऱ्याने जाळ इकडे आणला. अग्रिपिनाला आधी वास आला, मग वाळल्या गवतातून चटचट ऐकू आलं. तिने खाली गावाकडे हाका मारल्या. आवाज वाऱ्याने नेला. ओली फांदी तोडून ती जाळाच्या कडेने झोडपत सुटली. कुंपणापाशी पोचली तोवर एका बाजूची रोपं गेली होती आणि तिचा दम संपत आला होता.

तेव्हा धुरात दुसरी फांदी आपटल्याचा आवाज आला. लगासेन होता. ती वरच्या अंगाने, तो खालच्या, असे दोघं दोन तास आग मागे रेटत राहिले. लहानपणी बापाबरोबर असंच करायचे. ऊन कललं तेव्हा उतारावर नुसता धूर उरला.

तिने पत्र्याच्या पेल्यात झऱ्याचं पाणी धरलं. "मनोंग, घे."

तो दगडावर बसून प्यायला. पेला पुढे केला. तिने परत भरला.

"तीन वर्षं झाली," ती म्हणाली.

"मोजत बसलीस वाटतं."

"दुसरं काय करू? इथं बोलायला आहे कोण?"

"अकरा जण होते ना तुझे?"

"कागदावर आहेत अजून."

त्याच्या काजळलेल्या ओठांवर हसू आलंसं वाटलं, पण ते टिकलं नाही. "चांगली जमीन होती, पिना. बाबांनी माझ्याकडून एकेक दगड वेचून घेतला होता."

"ठाऊक आहे."

"ठाऊक असून सही केलीस."

तो थांबला. माफीसाठीच थांबला होता, हे तिला कळलं. तोंडातून एक शब्द काढला असता तर कदाचित सगळं तिथेच मिटलं असतं.

"आजही केली असती," ती म्हणाली.

लगासेनने पेला दगडावर ठेवला आणि गुडघ्यावर हात टेकून उठला. "म्हणूनच बोलत नाही मी," म्हणाला आणि उतरणीला लागला.

मे महिन्यात तो बायकोसह आपल्या मुलीकडे, स्ट्रॉबेरीच्या मळ्यावर मजुरीला गेला. अग्रिपिनाला हे चर्चमध्ये, तिसऱ्याच बाईकडून समजलं. तिने त्याच रविवारी सगळ्यांना सांगितलं, चाळीस रोपं जळलीत, शनिवारी खड्डे घ्यायचेत. सगळ्यांनी माना डोलावल्या. शनिवारी दोघी आल्या, दुपारपर्यंत राबल्या, घरी गेल्या. उरलेले सव्वीस खड्डे तिने एकटीने, पंधरा दिवस लावून खणले.

पुढच्या एप्रिलात टाकी एक दिवसही रिकामी पडली नाही. बाया नळावर यायच्या, वरच्या अंगाला ती दिसली की हात करायच्या.

"मनांग, यंदा पाणी टिकलं हो."

"टिकलं."

पण डबे जड असत. त्या लगेच घराकडे वळत, आणि अग्रिपिना भाताचा डबा सोडून एकटीच जेवायला बसे.