दहा फुलं आणि लिनार्ड्सची टोपी

मी टोपी बोलतेय. लोकरीची, लाल-पांढरी. वर गोंडा होता, तो शेजारच्या कुत्र्यानं खाल्ला. हसताय काय? तुमचंही काहीतरी गेलेलं असेलच की.

मला विणलं स्काइद्रीतेबाईंनी, लिएपायात, समुद्राकाठी. त्यांचा मुलगा लिनार्ड्स लाटव्हियाच्या फुटबॉल संघात निवडला गेला तेव्हाची गोष्ट. बाई रेडिओवर सामना ऐकत विणायच्या आणि आपल्या संघानं गोल खाल्ला की टाका चुकायच्या. माझ्या उजव्या कानावर तीन टाके चुकलेत. काय ते समजा.

लिनार्ड्स बचावाला खेळायचा. दहा वर्षं मी त्याच्या पिशवीत, घामट मोज्यांच्या शेजारी. काय तो वास, बाई! मग त्याचा गुडघा गेला, खेळ सुटला, तो इथल्याच क्लबचा कोच झाला आणि मी पिशवीतून डोक्यावर आले. पळणाऱ्याला कुठली थंडी? थंडी वाजते ती रेषेबाहेर उभं राहणाऱ्याला.

डोक्यावर बसलं की माणूस कळतो. बाहेरून हा दगड. हरला तरी पत्रकारांना म्हणायचा, "ठीक आहे." आणि इकडे माझी कड घामानं चिंब.

त्या नोव्हेंबरात शेवटचा सामना होता. सकाळीच क्लबचा अध्यक्ष येऊन सांगून गेला, "आज निदान बरोबरी कर. हरलास तर संघ खालच्या लीगमध्ये आणि तू घरी."

नेमका त्याच दिवशी लिनार्ड्सच्या नावाचा दिवस. आमच्याकडे कॅलेंडरात प्रत्येक नावाला एक दिवस असतो, वाढदिवसासारखा, पण त्याला बोलावणं नसतं. ज्याला आठवेल तो फुलं घेऊन टपकतो. संघातल्या पोरांना आठवलं. सामन्याआधी गोलकीपर गिर्त्सनं कार्नेशनच्या फुलांची जुडी लिनार्ड्सच्या हातात कोंबली. गिर्त्स म्हणजे छत्तीस वर्षांचा घोडा, लिनार्ड्सबरोबर खेळलेला.

"घे म्हाताऱ्या. अकरा जणांची अकरा."

ड्रेसिंग रूमच्या कोपऱ्यात संघाचे कपडे धुणारी झेंटाआजी मोजे वाटत होती. तिचे डोळे जुडीवरून फिरले.

"दहा आहेत रे."

गिर्त्सनं बोटानं मोजली.

"अकरा होती गं आजी! एक गाडीच्या दारात चेमटलं. टाकून दिलं."

"मग आणखी एक टाकायचं होतंस, गाढवा! जिवंत माणसाला कुणी दहा देतं का? जोडीची, सम आकड्याची फुलं मेलेल्याला देतात! आणि आजच्या दिवशी?"

एकानं छातीवर क्रूस काढला. गिर्त्सनं आपले फावड्याएवढे हात पाठीमागे लपवले. त्याच हातांनी तर गोल वाचवायचा होता.

माझ्याखाली लिनार्ड्सच्या कानशिलाची शीर टकटक टकटक उडत होती. मग तो शांतपणे म्हणाला, "बरोबर आहेत की दहा. माझी थोडीच आहेत ती? आईची आहेत. सामना झाला की तिच्या कबरीवर जायचंय."

खोटं! साफ खोटं! बाई जाऊन दोन वर्षं झाली होती आणि गेला अख्खा हिवाळा हा तिकडे फिरकला नव्हता. मी डोक्यावरच होते, मला विचारा.

पण गिर्त्सचा श्वास सुटला. "आधी नाही का सांगायचं? जीव गेला की माझा!"

"आता नव्वद मिनिटं जाऊ देऊ नकोस."

गोल ना इकडे, ना तिकडे. समुद्राकडून वारा असा सुटलेला की चेंडू मारावा एकीकडे आणि जावा भलतीकडे. शेवटच्या मिनिटाला त्यांना कॉर्नर मिळाला. चेंडू वाऱ्यावर वळला तो थेट गोलाकडे! गिर्त्सनं उडी मारून धरला, पाय घसरला, आणि चेंडू पोटाशी घेऊन तो रेषेवरच आडवा झाला.

आत की बाहेर?

लिनार्ड्सनं मला खस्सकन डोळ्यांवर ओढलं. "मला बघवत नाही. आजी, तू सांग."

"मी कशाला बघतेय! मीपण डोळे मिटलेत!"

म्हणजे बघायला राहिले मी एकटी. पंच धावत आला. वाकला. चेंडू बोटभर, फक्त बोटभर अलीकडे होता. त्यानं मान हलवली. गोल नाही! गिर्त्स काही चेंडू सोडेना, तिघांनी मिळून काढून घेतला.

शिट्टी झाली. बरोबरी! संघ वाचला. अध्यक्ष हात पुढे करून आला, तर लिनार्ड्स म्हणाला, "नंतर." आणि सगळ्यांना चिखलाच्या बुटांसकट बसमध्ये घातलं.

कबरीवर त्यानं दहा फुलं ठेवली. मला काढून हातात घेतलं. बोडक्या डोक्यानं त्या वाऱ्यात उभा राहिला.

"आई, तुझं नाव घेऊन पोरांना थाप मारली गं. आता खरी करायला आलोय."

"थाप?" गिर्त्स मागून ओरडला. "म्हणजे ती फुलं तुझीच होती?"

"हो."

"अरे भामट्या!" म्हणत तो लहान पोरासारखा रडला आणि मेल्यानं नाक माझ्यावर पुसलं.

तेवढ्यासाठी झेंटाआजीनं मला जर्सींबरोबर उकळत्या पाण्यात घातलं आणि मी मुठीएवढी झाले. लिनार्ड्स अजून कोच आहे, पण बाजारची टोपी घालतो. मी आता आजीच्या कॉफीच्या किटलीवर बसते. ऊब आहे, तक्रार नाही.

जाता जाता सांगते. लोकर उकळू नका. फुलं मोजून द्या. आणि ज्यांना जोडीचीच द्यायची, त्यांच्याकडे खरंच जाऊन या. तुमची थाप पकडायला प्रत्येकाच्या डोक्यावर मी बसलेली नाही.

सरका आता, आजीला कॉफी ओतायचीय.