पाहुण्यांचा नंबर

मुलगा ताटावर बसला, तशी आईने उठून आधी दाराची कडी काढून ठेवली. दार वाजल्यावर कडी काढायला जो वेळ लागतो, तेवढ्यात घरात काहीतरी लपवलं गेलं असा अर्थ निघू शकतो, हे तिला एव्हाना कळलं होतं. मग तिने वाढायला घेतलं. मुलाचा बाप, शटरवाला, पाण्याचा घोट घेऊन म्हणाला, "आज त्या औषधवाल्याच्या शटरची स्प्रिंग बघितली, तर आतून चक्क—"

दार वाजलं.

या घरात वाक्यं अशीच राहत.

"पाहुणे आले," शटरवाला पुटपुटला.

हवालदार उंबऱ्यातच थांबले. भला माणूस होता. बूट काढायला लागू नयेत म्हणून आत येत नसे.

"बस, बस, जेव. नुसतं तोंड इकडे कर. हात दिसू देत."

"खरकटे आहेत."

"असू देत. खरकट्या हातांना कलम नाही अजून." त्यांनी फोनवर फोटो काढला. "उद्या कुठे?"

"बाबांबरोबर. कामावर."

"आणि परवा?"

"परवाचं परवा बघू की, साहेब."

"अरे, तुझं परवाचंच तर बघायला मला पाठवतात," हवालदार म्हणाले आणि स्वतःच खिन्न हसले.

मुलाने काहीही केलं नव्हतं. हे पोलिसांनाही मान्य होतं. बाप-लेक दुकानांची अडलेली शटरं दुरुस्त करत. हे काम गिऱ्हाइकी संपून दुकान बंद झाल्यावरच करता येतं. बापाने जन्मात कधी कामावर फोन नेला नव्हता. मुलगा नेत असे. त्यामुळे फोनवरून माग काढणाऱ्या पोलिसांच्या यंत्राला बाप कधी दिसलाच नाही. दिसला तो एक पोरगा, गावभरच्या बंद दुकानांपाशी पुन्हा पुन्हा घुटमळणारा. यंत्राने अनुमान काढलं की हा एक दिवस दुकान फोडणार.

शटरवाला चौकीत जाऊन हात जोडून सांगून आला होता.

"साहेब, आम्ही शटरं बसवतो हो."

"तेच म्हणतोय," खुर्चीतला साहेब म्हणाला होता. "म्हणजे काढताही येतात."

मग हवालदार गिऱ्हाइकांकडेही जाऊ लागले. पोरगा कसा वाटतो, एवढंच विचारत. तोवर तो बरा वाटत असे. विचारल्यावर वाईट वाटू लागे. औषधवाल्याने शेवटी निरोप धाडला, मिस्त्री, तुम्ही एकटेच येत असाल तर या. अडीच मणाचं शटर एकट्याने कोण—

असो.

दुसऱ्या शहरातली लिफ्टची कंपनी मुलाला घ्यायला तयार होती. पोलिसांचा एक कागद हवा होता, याच्यावर नजर नाही असं सांगणारा. हवालदारांनी एकदा जिन्यातच हळू आवाजात वाट दाखवली. "वर्ष सरेपर्यंत याच्याविषयी कुणी काही कळवलं नाही, तर नाव आपोआप गळतं. तोवर कुणाशी वाकडं घेऊ नका. आणि हा नंबर ठेवा. काही वाटलं तर करा."

त्या दिवसापासून हे कुटुंब मऊ मेणाहून मऊ झालं. शटरवाला आळीतली कुरकुरणारी दारं न सांगता तेल घालून ठेवू लागला. वरच्या मजल्यावरच्या बाईंच्या ओल्या कपड्यांचं पाणी आईच्या वाळत घातलेल्या चादरीवर पडे. पूर्वी यावरून दोघींची अशी जुंपायची की पलीकडच्या इमारतीतले लोक खिडकीत येत. आता आई वर बघून म्हणे, "असू दे हो, पाणीच आहे."

बाई घाबरून कठड्यावरून वाकत. "तब्येत बरी आहे ना तुमची?"

हळूहळू पाहुण्यांच्या फेऱ्या विरळ झाल्या. जेवणं पुरी होऊ लागली. स्प्रिंगचं वाक्यही एकदा शेवटपर्यंत गेलं, आणि त्यात फार काही नव्हतं असं निघालं. मग दाराकडे कान देऊन बसायचं नाही, तर करायचं काय, हे शटरवाल्याला उमगेना. मुलगा आत आला की तो विचारी, "कुठे होतास?" आणि लगेच, "कोण कोण होतं?"

वर्ष सरत आलं असताना एका सकाळी मुलाने चपला घालता घालता मान वर केली.

"बाबा, फोटोपण काढा ना. हात दाखवू?"

"काळजी वाटते म्हणून विचारतो."

"त्यांनाही काळजीच वाटते."

"तोंड सांभाळून बोल!"

मुलगा दार आपटून गेला. दुपारी जेवायला आला नाही. ऊन भिंतीवरून उतरलं तरी आला नाही. फोन बंद.

शटरवाल्याच्या मनात सुरू झालं: आता पोलीस त्याला उचलतील. रस्त्यातच, चार लोकांदेखत. तो आधी हसेल, कारण त्याला काहीच झाकायचं नाही. ते विचारतील, कोणतं दुकान? तो म्हणेल, कोणतंच नाही. ते म्हणतील, अजून कोणतंच नाही. मग कुणीतरी उठून दार लावून घेईल. त्याची आई कपडे घेऊन जाईल आणि ते म्हणतील, असा कुणी इथे आणलेलाच नाही. मग आपण आयुष्यभर या चौकीतून त्या चौकीत—

"अहो," आई म्हणाली, "पाहुण्यांना विचारा ना. ते आपल्यातलेच झालेत आता."

घरातून फोनवर आवाज नीट जात नसे. शटरवाला फोन घेऊन जिन्यात गेला.

"साहेब, पोरगा तुमच्याकडे आहे का हो?"

"माझ्याकडे? नाही."

"सकाळपासून नाही आला. फोन बंद. असं कधी करत नाही."

"भांडण वगैरे?"

"थोडंसं. साहेब, कुणी उचललं असेल तर सांगा त्यांना, मारू नका म्हणावं! साहेब, पाया पडतो तुमच्या!"

"बरं," हवालदार म्हणाले.

दिवे लागायच्या सुमारास मुलगा आला. लिफ्टवाल्यांनी अचानक परीक्षेला बोलावलं होतं. फोन फाटकावरच बंद करून ठेवून घेतले होते. पास झाला होता. ठरल्यावरच सांगायचं, असं त्याच्या मनात होतं. त्याने सकाळचं सगळं विसरून बापाला मिठी मारली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी उभं राहून लिफ्टची दारं कशी मिटतात ते हातांनी करून दाखवू लागला. आईने त्या मिटत्या दारांत मुद्दाम पाय घातला. दोघं खिदळली.

शटरवाला पुन्हा जिन्यात गेला. या वेळी तो कुजबुजत होता.

"आला, साहेब. परीक्षेला गेला होता. चिंता नाही."

"मिस्त्री," हवालदार म्हणाले, "तो नंबर माझा नाही. उचलतो मी, पण त्यावर आलेलं सगळं आपोआप वर जातं."

"मी कळवलं कुठे? मी तर विचारलं."

"घरच्यांशी भांडण, पोरगा बेपत्ता, फोन बंद. शेजाऱ्यांचं दहादा आलं तरी चालून जातं. घरच्यांचं एकच फार जड धरतात."

"मग आता परत घ्या ना ते! आला म्हणून लिहा!"

"आला हेही गेलंय वर," हवालदार म्हणाले.

आत आल्यावर शटरवाल्याने आईकडे पाहून नुसती मान हलवली. तिने हातातलं भांडं खाली ठेवलं. दोघांनी मुलाचं पुढचं सगळं बोलणं हसऱ्या तोंडाने ऐकलं.

सकाळी हवालदार उंबऱ्यात उभे राहिले. फोन हातात होता, पण वर करत नव्हते.

"पुन्हा सुरू झालं, बाबा. वर्ष नव्याने धरायचं."

मुलगा पुढे आला. "का? कुणी कळवलं?"

"ते सांगता येत नाही."

"साहेब, कुणी कळवलं?"

हवालदारांनी आपल्या बुटांकडे पाहिलं. आईचा आवाज मोठा निघाला.

"वरची बाईच असणार. दुसरं कोण?"

मुलाने बापाकडे पाहिलं.

"हो," शटरवाला म्हणाला. "तीच."

मुलगा हवालदारांच्या अंगावरून बाहेर गेला आणि अनवाणीच जिना चढू लागला. आईने शटरवाल्याचं मनगट पकडलं. ती त्याला अडवत होती की पुढे ढकलत होती, ते त्याला समजलं नाही. वर दारावर थाप पडली. दार उघडलं.

"अगोबाई! आलास का रे सुखरूप?" बाईंचा आवाज जिनाभर आला. "काल तुझे बाबा जिन्यात पोलिसांच्या फोनवर नुसते रडत होते रे. पाया पडतो म्हणत होते. माझ्या घशाखाली घास उतरला नाही. ये, आत ये, अनवाणी का आलास?"

पुढे काही ऐकू आलं नाही. बाईंचं दार लागल्याचा आवाज नाही, पावलांचा नाही. वरून एक थेंब कठड्यावर पडला, मग दुसरा.

हवालदार म्हणाले, "मिस्त्री, त्याला खाली बोलवा. माझ्याच्याने वर जाववत नाही."

शटरवाला जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी गेला, वर पाहिलं, आणि हाक मारायला त्याने तोंड उघडलं.