दप्तरखान्यातला अबोला

त्या सरकारी दप्तरखान्यात शांतताच इतकी, की सकाळी कुणी शिंकलं तर ती शिंक कपाटांमधून वाट काढत दुपारी बाहेर पडायची. तिथल्या नकाशांचा दप्तरदार म्हणजे वाळवी. कागदांत शिरला की दिसेनासा व्हायचा, म्हणून हे नाव. अंगानं मात्र गवा. तो जिना चढू लागला की वरच्या मजल्यावरच्या शाईच्या बाटल्या आपापली बुचं घट्ट धरून बसायच्या.

त्याची बायको तिथंच खालच्या मजल्यावर, दुरुस्तीच्या खोलीत. फाटलेले कागद सांधायचे, आक्रसलेले सपाट करायचे, हे तिचं काम. आणि नेमका तिच्याशीच वाळवीचा अबोला चालू होता. चार अभ्यासकांदेखत तो बोलून गेला होता, "दुरुस्ती म्हणजे काय हो, खळ लावायची नि चिकटवायचं!" तेव्हापासून ती भिंतीकडे बघून टोमणे मारायची आणि हा कानांत कापसाचे बोळे घालून बसायचा. डबा मात्र दोघांचा एकच. अबोला होता, उपोषण नव्हतं.

अशात ओढ्यांचा नकाशा हरवला. शहर वसायच्या आधीचा, एकुलता एक. नव्या दवाखान्याच्या जागेखालून जुना ओढा जातो की काय, हे त्यावर बघायला एक म्हातारे इंजिनिअर दुसऱ्या दिवशी येणार होते. वाळवीनं खण ओढला, तर आत नुसती धूळ.

दप्तरखान्याची एक रीत होती. काही न्यायचं तर नेणाऱ्यानं मोठ्यानं सांगायचं, "अमुक नेतोय," आणि दप्तरदारानं म्हणायचं, "ऐकलं." वाळवीनं तर कुणाचंच काही ऐकलं नव्हतं. म्हणजे चोरीच!

"आधी ते बोळे काढा कानातले," संचालकबाई म्हणाल्या. "उद्या सकाळी नकाशा टेबलावर नसेल, तर तक्रार तुमच्या नावानं जाईल. मग नोकरी वाचवणं माझ्या हातात नाही. आणि बाहेर बभ्रा नको."

वाळवीनं सगळे खण उपसले, माळे पालथे घातले. एका कपाटामागं आधीच्या संचालकांच्या छत्र्या निघाल्या, दुसऱ्यामागं मांजराच्या चार पिढ्या. नकाशा तेवढा नाही.

दुपारी तो डबा घ्यायला खाली गेला आणि भिंतीलगतच्या फळ्यांच्या चळतीवर, रोजच्या जागी, मटकन बसला.

"भिंतीबाई," बायको म्हणाली, "आज काही लोकांचं तोंड फारच उतरलंय."

आपण आधी बोललो तर हरलो, हे वाळवीला ठाऊक होतं. पण कमरेची किल्ली हाताला लागली, आणि उद्या ती दुसऱ्याच्या कमरेला दिसणार या विचारानं तो हरायला तयार झाला.

"अगं," तो म्हणाला, "ओढ्यांचा नकाशा हरवलाय. माझी नोकरी जातेय."

बायकोच्या हातातला ब्रश खळीत पडला. "हरवलाय? अहो, तुमच्या टेबलासमोर उभी राहून बोंबलले की, सपाट करायला नेतेय म्हणून! तुम्ही मान डोलावलीत!"

"कानांत कापूस होता."

"मग डोलावलीत कशाला?"

"टोमणा असेल म्हटलं. डोलावली की लवकर जातेस."

"कमाल आहे तुमची!"

"आता आहे कुठं तो?"

"उठू नका," ती म्हणाली. "तुम्ही बसलाय त्यावर."

वाळवी ताडकन उठणार, तोच तिनं खांदा दाबला. "बसा म्हटलं ना! फळ्यांखाली दाबला तरी मधला फुगा काही केल्या बसत नव्हता, वजनं कमी पडली. तुम्ही रोज येऊन इथं फुगून बसता, म्हटलं, फुग्यावर फुगा, बरंच झालं."

वाळवी हसायला लागला तो थांबेचना. डोळ्यांतून पाणी, खालच्या फळ्या गदागदा. "हलू नका, ओढे जागा सोडतील!" म्हणत तीही हसली, आणि हसता हसता तिनं डबा व्हरांड्यात उघडून त्याचा वाटा त्याला बसल्या जागी आणून दिला.

सकाळी नकाशा टेबलावर आला, तळ्याच्या पाण्यासारखा सपाट. ओढा दवाखान्याच्या जागेपासून चांगलाच लांब निघाला. इंजिनिअर तर नकाशावरून हात फिरवायचे थांबेनात.

"इतका सपाट केला कुणी?"

"हिनं," वाळवी सगळ्यांदेखत म्हणाला. "चिकटवणारे पुष्कळ असतात. हे कसब हिचंच. मी नुसता बसलो होतो."

बायकोनं पुढचा नकाशा काखेत मारला. "हा नेतेय हो."

"ऐकलं!" वाळवी असा ओरडला, की ते 'ऐकलं' अजूनही एखाद्या दुपारी कपाटांमधून बाहेर पडतं.